सरपंचबाईंचे हेडफोन

गावात कुणी "ओ सरपंच!" अशी हाक मारली की ओ द्यायचा रामहरी. खरी सरपंच त्याची बायको, सत्यशीला. जागा बायकांसाठी राखीव सुटली, तेव्हा रामहरीनं बायकोचा अर्ज भरला, बॅनरवर बायकोचा फोटो लावला, त्याच्या शेजारी दुप्पट आकाराचा आपला लावला. मतं पडली तिला आणि गुलाल उधळून घेतला यानं. लोकांनाही त्याचं काही वाटलं नाही. नवरा म्हटल्यावर एवढं चालायचंच, असं म्हणत सगळी मोकळी झाली. चालायचंच म्हणे! ज्याच्या डोक्यावरून चालतं त्याला विचारा की.

तालुक्याच्या मिटिंगा मोबाईलवर व्हायच्या आणि त्याही सुरुवातीला रामहरीच करायचा. मग पंचायत समितीत एक नव्या मॅडम आल्या. त्यांनी पहिल्याच मिटिंगीत सांगून टाकलं, कॅमेरा चालू पाहिजे आणि समोर सरपंच स्वतः पाहिजे. झालं, रामहरीची पंचाईत झाली. पण गडी बेरकी. त्यानं ओसरीवर तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला, समोर सत्यशीलाला पदर घेऊन बसवलं आणि आपण कॅमेऱ्यात दिसणार नाही असा बाजूला टेकला. स्पीकर मोठा करून ठेवायचा. मॅडमनी प्रश्न विचारला की हा हळूच उत्तर सांगायचा आणि ती ते म्हणून दाखवायची. पोपटाला निदान पेरू तरी मिळतो. हिला तोही नाही.

मागच्या वर्षी अशाच एका मिटिंगीत मॅडमनी विचारलं होतं, "तुमच्या गावाला हंगामी वसतिगृह पाहिजे का?" आई-बाप ऊसतोडीला गेले की मागं पोरांनी गावच्या शाळेतच राहायचं, तिथंच जेवायचं, शिकायचं, अशी ती सोय. निम्मं गाव कारखान्याला जातं, म्हणजे पाहिजे की नाही हा प्रश्न तरी आहे का? पण रामहरी कुजबुजला, "गरज न्हाई म्हण. पोरं आज्ज्यापाशी राहत्यात म्हण." आणि तिनं तसं म्हटलं.

त्याला कारण होता ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा भगवानराव मुकादम. मुकादमाला अख्खं बिऱ्हाड हवं असतं. नवरा-बायकोनं ऊस तोडायचा, मोठ्या पोरीनं फडाजवळच्या कोपीवर, त्या पाचटाच्या खोपटात, धाकट्याला सांभाळायचं, भाकरी थापायच्या, जनावरांना उसाचं वाढं गोळा करायचं. पोरगी गावात राहिली तर धाकट्याला कोण बघणार आणि आईचा कोयता अडणार. म्हणून भगवानरावाला वसतिगृह नको होतं आणि भगवानरावाच्या खिशात अख्ख्या तांड्याची मतं होती, म्हणून रामहरीला नको होतं. यात पोरांचा विचार कुणी केला, तर कुणीच नाही.

सत्यशीलाच्या शेजारच्या बायनाबाईची वर्षाराणी वर्गात पहिली येणारी पोरगी. ती दिवाळीनंतर आईबरोबर गेली आणि परत आली तेव्हा तिच्या वर्गातली पोरं अपूर्णांक संपवून पुढं गेली होती. पोरगी कधी कुणापुढं रडली नाही, पण शाळेत मागच्या बाकावर जाऊन बसायला लागली. सत्यशीलाला ते रोज दिसायचं. आपल्याच तोंडानं "गरज न्हाई" म्हटलंय, हे ती विसरत नव्हती.

औंदा पाऊस सरला तशी बायनाबाई आली आणि उंबऱ्यातच बसली. "सत्यशीला, टोळी जायची येळ आली. या पोरीला मी नेणार न्हाई म्हणते, पण ठिवू कुठं? म्हातारी तर गेली."

"आक्का, औंदा वसतिगृह मागते मी."

"तुजा नवरा मागू दील का?"

प्रश्न बरोबर होता. सत्यशीलानं आधी सरळच विचारून बघितलं. रामहरी हसला. "तुला काय कळतंय गं त्यातलं? भगवानरावाला नाराज करून गावात राहायचंय का आपल्याला? खामखा डोकं लावू नको." बरं, मिटिंगीत ऐन वेळी आपलंच म्हणणं रेटावं, तर तेही तिनं एकदा करून पाहिलं होतं. नळाच्या पाण्याचा विषय होता. ती दोन शब्द मनचे बोलली मात्र, रामहरीनं बोट पुढं करून फोनच बंद केला आणि पारावर जाऊन सांगितलं, नेटवर्क गेलं. तेव्हा सत्यशीलाला एक गोष्ट पक्की कळली. हा प्रश्न ऐकतो म्हणून उत्तर देतो. याला प्रश्नच ऐकू गेला नाही तर हा सांगणार काय आणि तोडणार कधी?

गावातली दोन-चार पोरं पोलीस भरतीचा अभ्यास करायला मारुतीच्या देवळात बसायची. कानावर हे भले मोठे हेडफोन. त्यांच्या आया जेवायला हाका मारून घसा बसवायच्या आणि पोरं ढिम्म. सत्यशीला ते रोज बघायची. एक दिवस ती बायनाबाईला म्हणाली, "आक्का, चल केजला. मला तसलं एक घ्यायचंय." कानात खुपसायची बारकी बोंडं तिनं घरात घालून बघितली होती. ती पटापट गळून पडायची, आणि घातली तरी शेजारच्या म्हशीचं रेकणंसुद्धा ऐकू यायचं. त्यांचा काही उपयोग नव्हता.

दोघी जीपनं केजला गेल्या. बसस्टँडसमोर अभिमन्यूचं मोबाईलचं दुकान होतं. दुकानदार तरणा, बोलायला गोड. त्यानं सगळ्यात आधी लाल दिवे लुकलुकणारा एक जोड काढला. "ताई, हे घ्या. फुल बेस! आमच्याकडं हेच लई खपतं." आणि त्यानं गाणं लावलं. सत्यशीलाच्या कानात गणपतीची मिरवणूक शिरली. छाती धडधडायला लागली, दात वाजायचेच बाकी राहिले.

तिनं ते उतरवलं. "दादा, मला नाचायचं न्हाई. ऐकायचंय. माणूस बोलताना ऐकव."

"म्हंजी?"

"म्हंजी कुणीतरी बोलतंय असं काहीबी लाव. कापसाच्या बोंडअळीचं सांगतो बघ तो माणूस, तेच लाव."

अभिमन्यूनं डोक्याला हात लावला, पण लावलं. हेडफोन विकताना बोंडअळी लावायची पाळी त्याच्यावर पहिल्यांदाच आली असणार. त्या लाल दिव्याच्या जोडातून बोंडअळीवाला आडात उतरून बोलल्यासारखा वाटत होता. सगळा घुमारा, शब्द कुठंच नाही. सत्यशीलानं मान हलवली. गाण्याला साजतं ते माणसाच्या बोलण्याला साजेलच असं नाही, हे तिच्या लगेच ध्यानात आलं आणि पुढच्या प्रत्येक जोडाला तिनं तोच माणूस लावायला सांगितला.

दुसऱ्या जोडात शब्द कसे लखलखीत आले. बोंडअळीचे पतंग धरायचा कामगंध सापळा किती उंचीवर लावायचा इथपर्यंत सगळं कळलं. सत्यशीला खूश झाली, पैसे काढायला पिशवीत हातही घातला. बायनाबाईनं तो हात धरला.

"थांब. घाई करू नको. डोईवर मोळी घेताना पयली चुंबळ बघावी लागती. पयल्या पावलाला टोचली तर फडाच्या कडंला जाऊस्तवर जीव घेती. घालून बस जरा."

मग सत्यशीला दुकानातल्या स्टुलावर ते घालून बसून राहिली. गिऱ्हाईकं येत होती, काचेवर चिकटवायच्या पट्ट्या घेऊन जात होती आणि कान लाल करून बसलेल्या या बाईकडं बघत होती. बायनाबाईचंच खरं निघालं. त्या जोडाच्या गाद्या लहान होत्या. त्या कानाभोवती बसत नव्हत्या, कानावरच दाबून बसत होत्या, आणि कानातली कुडी मागून मानेत रुतत होती. थोड्या वेळानं तर ठणका लागला. मिटिंग काय दोन मिनिटांत संपते थोडीच? तालुक्यातली गावं एकेक करून येतात आणि आपलं गाव येईपर्यंत बसून राहावं लागतं. तिनं तेही ठेवून दिलं.

"कुड्या काढून ठिवा की ताई," अभिमन्यू म्हणाला.

"तुजं यंत्र बदल की. माज्या कुड्या कशापायी काढू?"

तिसरा जोड लोण्यासारखा मऊ, पण इतका ढिला की मान हलवली की घसरला. शिवाय तो घालूनही समोरच्या यष्टीचा हॉर्न, कंडक्टरची घंटी, पेरूवाल्याची ओरड, सगळं आत. अभिमन्यू म्हणत होता, याच्यावर बाहेरचा आवाज बंद असं लिहिलंय. "लिहिलंय ते वाचायला हाय," बायनाबाई म्हणाली. "कानाला थोडंच कळतंय."

आता मात्र पोरगा कावला. "ताई, नक्की पायजे काय तुमाला? एवढं तर बेंगलोरवरून आलेलं गिऱ्हाईक बघत न्हाई. करता काय तुमी?"

सत्यशीलाच्या तोंडून आलं, "सरपंच हाय मी."

आजवर हे तिनं स्वतः कुणाला सांगितलं नव्हतं. म्हटल्यावर तिला अंगातून एकदम गरम झाल्यासारखं वाटलं आणि बरंही वाटलं. अभिमन्यूनं एकदा तिच्याकडं नीट बघितलं. मग तो मागच्या फळीवरून एक काळा, साधा, बिनवायरचा जोड काढून घेऊन आला. दिवे नाहीत, चमक नाही. "हे कुणी मागत न्हाई. दिसायला कायच न्हाई म्हणून. बघा."

सत्यशीलानं घातला. गाद्या मोठ्या, कान कुडीसकट अख्खा आत जाऊन बसला. वरची पट्टी अंबाड्याच्या पुढं अलगद टेकली. बोंडअळीवाला असा बोलायला लागला की जसा समोर चटईवर बसलाय. बेस म्हणाल तर नावाला. तिनं वरून पदर घेतला. मान डावीकडं, उजवीकडं, खाली, सगळीकडं फिरवली. जोड जागचा हलला नाही. पदराखालून जरासा फुगवटा दिसत होता, पण अंबाडा मोठा असला तरी तेवढं दिसतंच.

"आता आक्का, तू रामहरी हो," सत्यशीला म्हणाली.

बायनाबाईला तेवढंच पाहिजे होतं. तिनं कमरेवर हात ठेवले, मिशीला पीळ दिल्यासारखं केलं आणि सत्यशीलाच्या कानाशी जाऊन घोगऱ्या आवाजात सुरू झाली, "गरज न्हाई म्हण! सगळं ब्येस हाय म्हण! ए, ऐकू येतंय का? नेटवर्क गेलं मॅडम, नेटवर्क गेलं!" दुकानातली गिऱ्हाईकं पोट धरून हसायला लागली. सत्यशीलाला आत नुसतं भुणभुण ऐकू आलं. बोंडअळीवाल्याचा मात्र शब्द न् शब्द कळत होता. मग बायनाबाईनं तिच्या पदराला कान लावून आतलं काही बाहेर येतं का ते बघितलं. काही येत नव्हतं. शेवटी सत्यशीला दुकानाच्या बाहेर जाऊन पदराआडून जोडाच्या माइकात बोलली आणि आतून बायनाबाई अभिमन्यूचा फोन कानाला लावून ओरडली, "येतंय, येतंय! हितंच बसून बोलल्यावानी येतंय."

एक खोट निघालीच. फार वेळ ठेवलं की कानाला घाम यायचा. अभिमन्यूनं प्रामाणिकपणानं तेही सांगितलं. "असू दे," सत्यशीला म्हणाली, "घामानं कोण मेलंय?" तिनं अंड्यांचे साठवलेले पैसे मोजले आणि जोड पिशवीत घातला. घरी येऊन तिनं तो दळणाच्या डब्यामागं ठेवला आणि मिटिंगीपर्यंत रोज दार लावून घालून बसायची सवय केली.

मिटिंगीच्या दिवशी ओसरीवर जरा जास्तच माणसं होती. सासरे बबनराव खाटेवर बसलेले. भगवानराव मुकादम मुद्दाम आलेला, चहा फुंकत बसलेला. विषय काय निघणार हे त्याला ठाऊक होतं. रामहरीनं तांब्याला मोबाईल टेकवला आणि आत हाक मारली. सत्यशीला आली ती कानावर जोड घालून, वरून पदर नीट पुढं ओढून, आणि सकाळीच मोबाईलशी जोडून ठेवलेला तो आतूनच चालू करून. बसली.

मिटिंग सुरू झाली. पडद्यावर माणसं हलायला लागली, मॅडमचे ओठ हलायला लागले, पण ओसरीवर चिडीचूप. रामहरीनं स्पीकर वाढवला, पुन्हा वाढवला. मोबाईल उचलून कानाला लावायला निघाला तेवढ्यात सत्यशीला म्हणाली, "होय मॅडम, येतोय आवाज. नमस्कार." रामहरी चाट पडला. तो मोबाईलकडं बघायचा, मग बायकोकडं बघायचा. शेवटी त्याला पदराखालचा फुगवटा दिसला.

"ए! काय घातलंय? काढ ते!"

तिला भुणभुण ऐकू आली. काय म्हणत असेल ते कळायला कानाची गरज नव्हती. तिनं पडद्यावरची नजर हलवली नाही. रामहरीचा हात वर आला आणि तिथंच अडला. कारण खाटेवर बाप बसलेला, समोर मुकादम बसलेला. चार वडीलधाऱ्या माणसांत बायकोच्या डोक्यावरच्या पदराला हात घालायचा? त्या घरात वडिलांसमोर नवरा बायकोशेजारी एका सतरंजीवर बसत नव्हता, तिथं ही गोष्ट. बबनरावांनीच त्याला पायताणानं हाणलं असतं. ज्या पदरात तिला आजवर गप्प बसवलं होतं, त्या पदराला हात लावायची आज कुणाची छाती नव्हती. रामहरीनं वर केलेल्या हातानं आपलाच कान खाजवला.

"काय इचारती?" भगवानराव म्हणाला.

"कळंना," रामहरी म्हणाला.

"न कळून कसं चालंल बे? सांग तिला, गरज न्हाई म्हणावं."

रामहरी वाकून कुजबुजला, मग जरा मोठ्यानं बोलला, मग खुणा केल्या. गावं एकेक करून पुढं सरकत होती. सत्यशीलाच्या कानाला घाम फुटला, कपाळालाही फुटला. तिला भीती वाटत होती, नाही कशाला म्हणायचं. पण भीतीपेक्षा राग मोठा होता आणि तो तिनं वर्षभर पोसला होता. मॅडमनी अलीकडच्या गावाचं नाव घेतलं. आता पुढचं आपलंच.

रामहरीनं ठरवलं, प्रश्न कळो न कळो, फोनच बंद करायचा. त्याचं बोट पुढं आलं. सत्यशीलानं बघितलं आणि झटक्यात मोबाईल उचलला.

"मॅडम, एक मिनिट. आमच्या घरचे काहीतरी म्हणत्यात." आणि तिनं कॅमेरा रामहरीच्या तोंडासमोर धरला.

बोट पुढं केलेला रामहरी, त्याच्यामागं बशीतला चहा ओठाला लावलेला भगवानराव, असं सगळं तालुक्यातल्या सरपंचांना दिसलं. रामहरीनं बोट मागं घेतलं आणि त्याचे हात आपोआप जोडले गेले. "नमस्कार मॅडम," तो म्हणाला. पुढं काय बोलावं ते त्याला सुचेना, कारण समोरून काय आलं ते फक्त सत्यशीलाला ऐकू येत होतं.

"मॅडम इचारत्यात," तिनं सांगितलं, "तुमी कोण."

रामहरीनं बापाकडं बघितलं, मुकादमाकडं बघितलं. कुणी मदतीला आलं नाही. "मी... सरपंचाचा नवरा," तो म्हणाला. त्याचा आवाज पडला होता तरी तिच्या पदराखालच्या माइकनं तो बरोबर तालुक्याला पोचवला. पडद्यावरच्या दोन-तीन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सत्यशीलानं मोबाईल पुन्हा आपल्याकडं फिरवला.

मग मॅडमनी तिला विचारलं, आणि ओसरीवरच्या माणसांना तिचं एकटीचंच बोलणं ऐकू आलं. "पायजे मॅडम. औंदा पायजेच. शाळेच्या दोन खोल्या मोकळ्या हायेत. स्वयंपाकाला बायका हायेत, मी नावं देते. पोरांची यादी गुरुजींकडून घेऊन उद्याच्याला पाठवते... न्हाई, मागच्या वर्षी गरज न्हाई म्हटलं ते खोटं होतं... होय, मीच म्हटलं होतं. आता पण मीच म्हणते, गरज हाय." मग ती बराच वेळ ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "दिवाळीनंतर शाळा भरायच्या आधीच वसतिगृह चालू हुईल? चालंल. लई बरं झालं, मॅडम."

फोन बंद झाला. भगवानरावानं कप आपटून ठेवला. "रामहरी, घरात तुजं कुणी ऐकंना, अन् गाव कशाला तुजं ऐकंल?" एवढं बोलून तो चपला घालून निघून गेला. बबनराव खाटेवरून सुनेकडं बघत होते. त्यांचा चेहरा रागाचा होता की कसला ते तिला कळलं नाही आणि तिनं ते कळून घ्यायची खटपटही केली नाही.

"कुणाला इचारून बोललीस?" रामहरी ओरडला. बबनरावही उठून आत गेले आणि ओसरी मोकळी झाली तशी त्याची जीभ मोकळी झाली होती. "इज्जत घालवलीस माजी! आत्ताच्या आत्ता लाव परत फोन. मी बोलतो. चुकून बोलली म्हणून सांगतो."

सत्यशीलानं पदर मागं सारला. घामानं ओले झालेले हेडफोन काढले, पदराच्या टोकानं पुसले आणि दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरले.

"घ्या. घाला. लावते फोन. मॅडम पयलं तेच इचारतील, तुमी कोण. तेवढं सांगा, अन् मग काय बोलायचं ते बोला."

रामहरीनं हेडफोन घेतले नाहीत. ती ते तसेच धरून उभी राहिली.